‘सांगता येत नाही’ला किती गुण?

आपण नोकरीत समाधानी आहोत का, याचा हिशेब मनातल्या मनात मांडणं अवघड असतं. साहेब कसे आहेत, हे मात्र कुणीही चटकन सांगेल. पॅट्रिशिया स्मिथ, लॉर्न केंडल आणि चार्ल्स ह्यूलिन या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच हेरलं. त्यांची ‘जॉब डिस्क्रिप्टिव्ह इंडेक्स’ ही प्रश्नावली १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सुधारणा होत होत आजही वापरात आहे. तिच्यात भावना विचारत नाहीत, वर्णन विचारतात. काम, पगार, बढती, वरिष्ठ आणि सहकारी या पाच बाबींवर ७२ साधे शब्द किंवा छोटे वाक्प्रयोग दिलेले असतात. काम ‘कंटाळवाणं’ आहे? हो, नाही किंवा सांगता येत नसेल तर नुसतं प्रश्नचिन्ह, एवढंच लिहायचं.

खरी गंमत गुणांकनात आहे. समाधान दाखवणाऱ्या उत्तराला ३ गुण, नाराजी दाखवणाऱ्याला ०. मग प्रश्नचिन्हाला? मधोमध म्हणून दीड द्यावा, असं वाटेल. पण नाराज माणसं समाधानी माणसांपेक्षा जास्त वेळा प्रश्नचिन्ह लिहितात, असं आढळलं होतं. त्यामुळे त्याला १ गुण मिळतो. ‘ऑफिस कसं चाललंय?’वर कुणी ‘चाललंय’ एवढंच म्हणालं, तर आपणही त्याला खुशीत धरत नाही. (कित्येक सर्वेक्षणांत ‘तटस्थ’ उत्तरं बिनदिक्कत मध्यावर टाकतात, ते मला पटत नाही.)

पगार आणि बढतीचे शब्द नऊ-नऊच, इतर बाबींचे अठरा-अठरा. म्हणून त्या दोघांचे गुण दुप्पट करतात आणि प्रत्येक बाब ५४ पैकी मोजतात. पण पाचही आकड्यांची बेरीज करू नये, असं या प्रश्नावलीचे अभ्यासकच सांगतात. एखादी परिचारिका तुटपुंज्या पगारावर चिडलेली असते, तरी वॉर्डातलं काम तिला मनापासून आवडतं. कुणाच्या लेखी पगार मोठा, कुणाच्या लेखी सोबतची माणसं. शिवाय रोजचा लोकलचा प्रवास तर या पाचांत बसतही नाही. अखेर १९८९ मध्ये एकूण नोकरीबद्दलची १८ शब्दांची वेगळी मोजपट्टी जोडावी लागली.

व्यवस्थापनाला अहवालात एकच सरासरी आकडा आवडतो. पण वरिष्ठांना ४५ आणि बढतीला १२ गुण मिळाले असतील, तर साहेबांना संवादकौशल्याच्या शिबिराला पाठवून काय होणार? बढतीचे नियमच काढून बघावे लागतील.