स्थानिक कला परिषद

एखादे शहर, गाव किंवा जिल्हा एवढ्याच हद्दीत काम करणारी, तिथल्या कलावंतांना पैसा, जागा आणि व्यवस्थेची मदत मिळवून देणारी आणि तिथल्या रहिवाशांपर्यंत कला पोहोचवणारी संस्था. अशा संस्थांचा सर्वांत मोठा विस्तार अमेरिकेत झाला असून तिथे त्यांची संख्या सुमारे 4,500 आहे. काही नगरपालिकेचे खाते म्हणून चालतात. बहुसंख्य मात्र नोंदणीकृत ना-नफा संस्था आहेत. परिषदेचे मुख्य काम स्वतः नाटक बसवण्याचे किंवा चित्रे काढण्याचे नसते. जे हे करतात त्यांना तालमीला जागा मिळावी, हॉलचे भाडे भागावे, चार लोक बघायला यावेत आणि कलावंताच्या हातात मानधन पडावे, एवढे ती पाहते.

राष्ट्रीय पातळीवरच्या कलासंस्था बहुधा नाव झालेल्या कलावंतांपर्यंत पोहोचतात. कलावंत घडतो त्याच्या कितीतरी आधी, आपल्याच गावात, आणि त्या काळात त्याला लागणारी रक्कम फार मोठी नसते. ती वेळेवर आणि ओळखीच्या माणसांकडून मिळणे याला मोल असते. स्थानिक परिषदेचे खरे महत्त्व इथे आहे.

उगम

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1940 साली, ब्रिटनमध्ये संगीत व इतर कलांच्या उत्तेजनासाठी एक मंडळ स्थापन झाले. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स 1942 पासून त्याचे अध्यक्ष होते. 1946 मध्ये या मंडळाचे रूपांतर ब्रिटनच्या कला परिषदेत झाले. ही राष्ट्रीय संस्था होती. गावोगावी पैसा खर्च करायची मुभा स्थानिक प्रशासनांना मिळाली ती 1948 च्या कायद्याने.

अमेरिकेत क्रम उलटा राहिला. तिथे आधी गावांनी परिषदा काढल्या आणि केंद्र सरकार पुष्कळ मागाहून आले. इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे 1947 मध्ये आणि नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथे 1949 मध्ये परिषद स्थापन झाली. पहिलेपणाचा मान दोन्ही गावे सांगतात. राष्ट्रीय कला निधी अस्तित्वात आला 1965 मध्ये, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केल्यावर. तोवर स्थानिक परिषदांनी आपली घडी बसवलेली होती. राष्ट्रीय निधीच्या कार्यक्रम-खर्चातील 40 टक्के रक्कम राज्ये आणि प्रादेशिक संस्थांकडे जाते आणि तिथून तिचा काही भाग गावांपर्यंत झिरपतो.

विन्स्टन-सेलम

हे तंबाखू आणि होजिअरीचे गाव. सिगारेटचा मोठा कारखाना इथला, अंतर्वस्त्रे विणणाऱ्या गिरण्याही इथल्याच. 1949 मध्ये गावात वाद्यवृंद होता, हौशी नाट्यमंडळी होती, आणि प्रत्येक संस्था वर्गणीसाठी त्याच कारखानदारांचे उंबरे झिजवत होती. ज्युनियर लीग या महिलांच्या सेवाभावी संघटनेने 7,200 डॉलर दिले आणि त्यातून परिषद उभी राहिली. योजना सरळ होती. वर्षातून एकदा सगळ्यांच्या वतीने एकच वर्गणी मोहीम काढायची आणि जमलेला पैसा संस्थांमध्ये वाटायचा. पुढे अनेक शहरांनी ही पद्धत उचलली. कारखान्यातला कामगारसुद्धा आपल्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून देऊ शके. कलेला देणगी देणे हे फक्त श्रीमंतांचे काम राहिले नाही, ही या पद्धतीची मोठी कमाई.

गावाला लागलेली ही सवय 1964 मध्ये कामी आली. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने सरकारी खर्चाने चालणारे कलाविद्यालय काढायचे ठरवले होते आणि ते आपल्याकडे यावे म्हणून शहरांमध्ये चढाओढ लागली. विन्स्टन-सेलमच्या नागरिकांनी दोन दिवस टेलिफोनवर बसून घरोघरी फोन केले आणि सुमारे 9 लाख डॉलर जमवले. विद्यालय 1965 मध्ये तिथेच सुरू झाले. पंधरा वर्षे वर्गणी मागण्याची आणि देण्याची सवय अंगवळणी पडली नसती, तर दोन दिवसांत एवढी रक्कम उभी राहणे अवघड होते.

1980 च्या दशकाच्या आरंभी होजिअरीच्या एका जुन्या गिरणीची इमारत कलाशिक्षणासाठी सिद्ध करण्यात आली. तिचे छप्पर करवतीच्या दातांसारखे आहे. यंत्रावरच्या कामगारांना उजेड मिळून नीट दिसावे म्हणून तशी ठेवण केलेली होती. आता तो उजेड मातीकाम, विणकाम आणि छपाई शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडतो. कलावंताला दिलेली जागा ही रोख रकमेपेक्षा टिकाऊ मदत असते. अनुदान एका हंगामात संपते, पण भट्टी, हातमाग आणि छपाईयंत्र असलेली खोली पिढ्यान्पिढ्या वापरता येते.

या चित्रात उणीवही होती. एकत्रित वर्गणीचा मोठा वाटा वाद्यवृंद, संग्रहालय, नाट्यमंडळी अशा प्रस्थापित संस्थांकडे जाई. कृष्णवर्णीय कलावंतांच्या संस्था त्या पंगतीत उशिरा बसल्या. लॅरी लिऑन हॅम्लिन यांनी याच गावात 1979 मध्ये कृष्णवर्णीयांची व्यावसायिक नाट्यसंस्था काढली आणि 1989 मध्ये राष्ट्रीय कृष्णवर्णीय नाट्यमहोत्सव सुरू केला. दर दोन वर्षांनी भरणारा हा महोत्सव आज गावाची ओळख झाला आहे.

गावसभेतली समिती

पैसा वाटायचा निर्णय कसा होतो हे मॅसॅच्युसेट्समध्ये सर्वांत जवळून पाहायला मिळते. त्या राज्यात 351 शहरे आणि गावे आहेत आणि प्रत्येकाला एक स्थानिक सांस्कृतिक परिषद लागू आहे. काही छोट्या गावांनी मिळून एक चालवल्याने परिषदांची संख्या सुमारे 330 भरते. 1980 च्या सुमारास कलेसाठी म्हणून काढलेल्या सरकारी लॉटरीतून ही रचना सुरू झाली. आता राज्याच्या अंदाजपत्रकातून दरवर्षी पैसे येतात. गावाची लोकसंख्या आणि तिथल्या मालमत्तेचे मूल्य यांचा हिशेब करून वाटप होते, म्हणजे गरीब गावाला माणशी जास्त रक्कम मिळते. अगदी लहान गावाच्या वाट्यालाही काही हजार डॉलर येतात.

समितीत किमान पाच सभासद असतात. महापौर किंवा गावचे कार्यकारी मंडळ त्यांना तीन वर्षांसाठी नेमते, सलग दोन मुदतींनंतर बाजूला व्हावे लागते आणि निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीला सभासद होता येत नाही. सगळे बिनपगारी. निवृत्त शिक्षिका, ग्रंथपाल, एखादा वास्तुविशारद, गिटार शिकवणारा तरुण, असे लोक शरद ऋतूत अर्ज आले की टाऊन हॉलच्या खोलीत जमतात. बैठक कायद्याने सर्वांना खुली असते. अर्जदार सभासदाचा नातलग किंवा भागीदार असेल तर त्या सभासदाने चर्चेतून उठून जायचे असते. गावाला काय हवे आहे याची विचारणा करून निकष आधी जाहीर करावे लागतात.

अर्ज छोटे असतात. कोणी वृद्धांच्या केंद्रात तासभर जुनी गाणी वाजवणार असतो, कोणी वाचनालयात मुलांना कळसूत्री बाहुल्या करायला शिकवणार असते, कोणाला गावच्या चौकात भित्तिचित्र काढायचे असते, शाळेला मुलांना नाटक दाखवायला न्यायचे असते. मागणी बहुधा काही शे डॉलरची असते. समितीचे प्रश्नही तसेच साधे: कार्यक्रम कुठे, कधी, वाचनालयाचे होकाराचे पत्र जोडले आहे का, गावातल्या किती लोकांना उपयोग होईल, कलावंताला नीट मानधन धरले आहे का? मागण्यांची बेरीज नेहमीच शिलकीपेक्षा जास्त होते, आणि मग कोणाला पूर्ण, कोणाला अर्धे, कोणाला यंदा नाही, हे समोरासमोर बसून ठरवावे लागते.

पूर्वी कलावंताने आधी पदरचा खर्च करायचा आणि पावत्या दाखवून पैसे घ्यायचे, अशी रीत होती. ज्याच्याकडे शिल्लकच नाही तो अर्जच करत नसे. अलीकडे रक्कम आधी देण्याची सोय झाली आहे. कागदावर हा बदल एका ओळीचा आहे, पण कोणते कलावंत दारापर्यंत येऊ शकतात हे त्यावरच ठरते.

पैसा कोठून येतो

एकच ठरलेला मार्ग नाही. नॉर्थ कॅरोलायनात 1977 पासून राज्याचा कलानिधी लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वच्या सर्व 100 जिल्ह्यांना वाटला जातो. त्यामुळे डोंगराळ भागातल्या जिल्ह्यालाही आपला हक्काचा हिस्सा मिळतो. डेन्व्हर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील मतदारांनी 1988 मध्ये दर 10 डॉलरच्या खरेदीवर एक सेंट असा कर स्वतःवर लावून घेतला. मिनेसोटात 2008 मध्ये राज्यघटनेतच दुरुस्ती होऊन विक्रीकराचा एक हिस्सा निसर्ग आणि कलावारशासाठी राखला गेला. तिथल्या 11 प्रादेशिक परिषदांना त्यातून बळ मिळते. सॅन फ्रान्सिस्को 1961 पासून हॉटेलकरातून कलेला पैसे देते. सिएटलने 1973 मध्ये सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातील 1 टक्का कलाकृतींसाठी ठेवायचा ठराव केला.

अनुदानाला अनेकदा जेवढ्यास तेवढे अशी अट असते: परिषद 500 देईल, उरलेले 500 तुम्ही उभे करा. गावाला सहभागी करून घेण्याचा हेतू त्यामागे आहे. पण ज्या वस्तीत वर्गणी देणारेच नाहीत तिथे ही अट जाचक ठरते, म्हणून स्वयंसेवकांचे कामाचे तास किंवा फुकट मिळालेली जागा यांची किंमत हिशेबात धरायची सवलत बऱ्याच ठिकाणी दिली जाते.

रोख रकमेपलीकडे

नोंदणीकृत संस्था नसलेल्या एकट्या कलावंताला करसवलतीची देणगी घेता येत नाही. परिषद आपल्या छत्राखाली ती घेते, हिशेब ठेवते आणि त्याच्याकडे सुपूर्द करते. अर्ज कसा लिहावा, करारात काय पाहावे, बिल कसे द्यावे, याचे वर्ग घेते. सॅन फ्रान्सिस्कोत 1967 मध्ये सुरू झालेल्या वस्तीपातळीवरील कला कार्यक्रमाने तर रंगमंच, ध्वनियंत्रणा आणि पोस्टरची छपाई थेट वस्त्यांत पुरवली. परदेशातून आलेल्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या मोहल्ल्यांतील मंडळांना त्याचा मोठा आधार झाला. त्याच शहरात 1974 मध्ये बेरोजगारांसाठीच्या केंद्रीय योजनेतून कलावंतांना पगारी काम देण्याची युक्ती निघाली आणि ती देशभर पसरली. चित्रकार शाळांत आणि रुग्णालयांत, नर्तक वृद्धाश्रमांत महिन्याच्या पगारावर काम करू लागले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती योजना बंद पडली. कलावंताला कामगार मानून पगार देण्याचा इतका मोठा प्रयत्न त्यानंतर तिथे झालेला नाही, आणि ही उणीव अजून भरून निघालेली नाही.

दबाव

निर्णय जवळ असण्याचा धोकाही जवळच असतो. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरात 1996 मध्ये समलिंगी व्यक्तिरेखा असलेल्या एका नाटकाचा प्रयोग झाला. त्यावरून हे शहर ज्यात येते त्या मेक्लेनबर्ग जिल्ह्याच्या मंडळाने 1997 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कला परिषदेचे सुमारे 25 लाख डॉलर काढून घेतले. एका नाटकाच्या रागापायी वाद्यवृंद, संग्रहालये, शाळांतले कार्यक्रम, सगळ्यांवरच गदा आली. पुढच्या निवडणुकीत मतदारांनी अनुदान काढण्याच्या बाजूने मत दिलेल्यांपैकी काहींना घरी बसवले आणि अनुदान परत सुरू झाले. याच जिल्ह्यात 2019 मध्ये कला आणि उद्यानांसाठी पाव सेंट जादा विक्रीकर मात्र मतदारांनीच नाकारला. कार्यालयांतून होणारी पगारकपातीची वर्गणीही आटत चालली आहे. सत्तर वर्षांपूर्वीची रीत जशीच्या तशी आता चालणार नाही.

मराठी मुलखातील जवळचे प्रकार

गोव्यात 1970 मध्ये स्थापन झालेली कला अकादमी भजन, मराठी व कोंकणी नाटक आणि तियात्र हा गाण्यांनी भरलेला कोंकणी नाट्यप्रकार यांच्या स्पर्धा घेऊन गावोगावच्या मंडळांना दरवर्षी उभे राहायला कारण देते. मडगावसारख्या ठिकाणची रवींद्र भवने तालुक्याला नाट्यगृह पुरवतात. महाराष्ट्रात ही कामे विभागलेली आहेत. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून सरकार घेते, बालगंधर्व रंगमंदिरासारखी नाट्यगृहे महापालिका चालवतात, आणि बाकीचा भार वाचनालये, नाट्य परिषदेच्या शाखा व वर्गणीवर चालणारी मंडळे उचलतात. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना स्थानिक परिषदेच्या पद्धतीला सर्वांत जवळची म्हणता येईल, कारण तिची निवड जिल्ह्याच्या समितीत होते आणि तमाशात किंवा भजनी मंडळात हयात घालवलेला माणूस जिल्ह्यातल्या लोकांनाच माहीत असतो. 2024 पासून हे मानधन दरमहा 5,000 रुपये आहे.

अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळे ना-नफा संस्था म्हणून नोंदलेली असतात, त्यामुळे आपल्या गावच्या कला परिषदेकडे तीही अर्ज करू शकतात. सार्वजनिक पैशाची मुख्य अट त्यांनाही लागू आहे: दिवाळीची मैफल असो की लावणीची कार्यशाळा, कार्यक्रम गावातल्या सर्वांना खुला हवा आणि त्याची जाहिरात मंडळाच्या सभासदांपलीकडे झालेली हवी.