पीएचए घातल्यानंतरचे पहिले सहा तास
लिम्फोसाइट कल्चरचे साहित्य आमच्याकडून घेणाऱ्या प्रयोगशाळांसाठी माहितीपत्रक

"कल्चर लावलं, ७२ तास थांबलो, विभाजन काही दिसलं नाही." असे फोन आम्हाला नेहमी येतात. तीन दिवसांनी हाती येतो तो फक्त निकाल. गाडी कुठे अडली ते त्यावरून कळत नाही. टी-पेशी (लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) विभाजनाच्या वाटेला लागणार की नाही, हे बरेचसे पहिल्या काही तासांतच ठरू लागते. तेव्हा पेशीच्या आत काय चालले आहे ते माहीत असेल, तर दुरुस्ती त्याच दिवशी करता येते.

रक्तातली विश्रांत टी-पेशी जेमतेम ७ मायक्रॉनची. बहुतेक जागा केंद्रकानेच व्यापलेली, पेशीद्रव नावापुरता. राजम्यातून मिळणारे पीएचए (फायटोहिमॅग्लुटिनिन) हे लेक्टिन, म्हणजे साखरेला चिकटणारे प्रथिन, तिच्या पृष्ठभागावरच्या साखरयुक्त प्रथिनांना चिकटते. बाहेरचा संकेत ओळखणारा टी-पेशी रिसेप्टर हा त्यांतलाच. पूर्वी पीएचए वापरत ते लाल पेशींच्या गुठळ्या करून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी. त्यानेच लिम्फोसाइट विभाजित होऊ लागतात, हे पीटर नॉवेल यांनी १९६० साली दाखवले. कॅरियोटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, आज रक्ताचे जे कल्चर लावतात, ते याच निरीक्षणाच्या आधारावर.

पहिली काही मिनिटे

रिसेप्टर एकत्र ओढले गेले की काही सेकंदांतच आतल्या बाजूला एलसीके आणि झॅप-७० ही एन्झाइमे प्रथिनांच्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवू लागतात. त्यातून फॉस्फोलायपेज सी जागे होते आणि पेशीपटलातल्या एका फॉस्फोलिपिडचे दोन तुकडे करते: आयपी-३ आणि डायअॅसिलग्लिसेरॉल. पुढचे दोन्ही रस्ते इथूनच फुटतात.

आयपी-३ मुळे पेशीच्या आतल्या साठ्यातले कॅल्शियम बाहेर पडते. साठा रिकामा होत असल्याचे स्टिम-१ या प्रथिनाला कळते आणि ते पेशीपटलातली ओराय-१ ही वाहिनी उघडते. मग बाहेरच्या माध्यमातले कॅल्शियम आत येऊ लागते. विश्रांत अवस्थेत सुमारे १०० नॅनोमोलर असलेली पातळी जवळपास दहापट चढू शकते. पहिली उसळी साठ्यातल्या कॅल्शियमवर येते, पण पातळी टिकून राहते ती बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर. टिकणे इथे फार महत्त्वाचे आहे. कॅल्शियम असेपर्यंतच कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जनुक चालू करणाऱ्या एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढत राहते आणि एनफॅट केंद्रकात थांबते. कॅल्शियम उतरले की एनफॅट बाहेर, आणि टी-पेशींना विभाजनाची चालना देणाऱ्या आयएल-२ या प्रथिनाचे उत्पादन थंडावते.

म्हणूनच आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो: कल्चरसाठी रक्त हेपारिनमध्येच घ्या. ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे दुसरे रसायन कॅल्शियम बांधून ठेवते. नाइलाजाने ईडीटीएचा नमुना घ्यावा लागला, तर पेशी नीट धुऊन मगच माध्यमात घाला. उत्तेजन देताना पेशी कॅल्शियमविरहित बफरमध्ये ठेवल्या तरी हीच अडचण येते. आणखी एक लक्षात ठेवा: सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या पेशींचा प्रतिसाद मंद असू शकतो, कारण ही औषधे नेमके कॅल्सिन्युरिन अडवतात. अशा वेळी दोष अभिकर्मकाचा नसतो.

दुसरा रस्ता डायअॅसिलग्लिसेरॉलचा. तो प्रोटीन कायनेज सी आणि रास यांच्यामार्फत एपी-१ व एनएफ-कप्पा-बी या जनुक चालू करणाऱ्या प्रथिनांपर्यंत जातो. आयएल-२ चे जनुक नीट चालू व्हायला दोन्ही रस्ते एकदम लागतात. पीएमए आणि आयोनोमायसिन ही रसायनांची जोडी रिसेप्टर वगळून थेट हेच दोन रस्ते चालू करते. त्यामुळे एका ट्यूबमध्ये ती जरूर लावा. तिला पेशी प्रतिसाद देतात आणि पीएचएला देत नाहीत, तर पेशी जिवंत आहेत. शोध पीएचएच्या मात्रेत आणि पृष्ठभागाजवळच्या टप्प्यांत घ्या. मात्र ही ट्यूब काही तासांपुरतीच. जास्त वेळ ठेवली तर पेशी मरू लागतात.

त्यापुढचे तास

अर्ध्या तासात सी-फॉस, तासा-दोन तासांत सी-मिक या जनुकांचा आरएनए वाढलेला दिसतो. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले आत घेण्याचा वेग वाढतो. चार-सहा तासांत पृष्ठभागावर पेशी जागी झाल्याची खूण असलेले सीडी६९ हे प्रथिन येते, आणि फ्लो सायटोमीटर (पेशींवरची अशी प्रथिने मोजणारे यंत्र) असणाऱ्यांसाठी आमच्या मते हीच सर्वांत उपयोगी तपासणी. सीडी२५ ही दुसरी खूण सावकाश येते. ते पाहायला दुसरा दिवस उजाडू द्या. सायटोमीटर नसेल तर २४ तासांनी उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: पेशींचे पुंजके झालेले, काही पेशी स्पष्ट फुगलेल्या. पुढे माध्यमाचा लालसर रंग पिवळटपणाकडे झुकतो, कारण ग्लुकोज जोरात वापरणाऱ्या पेशी लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात.

डीएनए तयार होणे बहुतेक पेशींत पहिला दिवस उलटल्यावरच सुरू होते. त्यामुळे पहिल्या दिवशी थायमिडिन (नव्या डीएनएत जाणारा घटक) घालून काही दिसले नाही, तर निराश होऊ नका.

पीएचए जास्त घातले म्हणून प्रतिसाद वाढत नाही. एका मर्यादेनंतर तो घसरतो. नवा लॉट आला की मात्रा नव्याने ठरवा. शुद्ध केलेल्या टी-पेशी नुसत्या पीएचएला नीट दाद देत नाहीत, मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी सोबत लागतात. उत्तेजनासाठी अँटिबॉडी वापरत असाल तर सोडियम अझाइड नसलेलीच मागवा, कारण अझाइड पेशींचा श्वसनमार्ग बंद पाडते.

अडचण आली तर जरूर फोन करा. लॉट क्रमांक, रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घेतले, किती तासांनी कल्चर लावले आणि २४ तासांनी पुंजके दिसले का, एवढी माहिती हाताशी ठेवा.