तोर्रे व्हेलास्का : मिलानच्या रुंद माथ्याच्या मनोऱ्यामागचा इतिहास

मिलानच्या दुओमो कॅथीड्रलपासून पायी काही मिनिटांवर तोर्रे व्हेलास्का ही १०६ मीटर उंचीची इमारत आहे. तिचा खालचा भाग सडपातळ, वरचे मजले चहूबाजूंनी बाहेर आलेले आणि त्यांना तिरक्या काँक्रीट टेकूंचा आधार. पाहणाऱ्याला मध्ययुगीन बुरूज आठवतो. पण किल्ल्याची नक्कल एवढ्यावर तिची बोळवण करणे अन्यायाचे ठरेल.

ऑगस्ट १९४३च्या बॉम्बहल्ल्यांत मिलानचा मध्यभाग होरपळला. त्या पडझडीनंतर नव्याने बांधायच्या जागांपैकी ही एक. आजूबाजूला जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्या. खाली दुकाने आणि कार्यालये, वर घरे अशी मागणी होती. घरांसाठी प्रत्येक मजल्यावर जास्त जागा हवी होती, म्हणून जमिनीवर कमी जागा अडवून वर पसरायचे ठरले. सुरुवातीचा आराखडा पोलादी सांगाड्याचा होता. पोलाद महाग पडत असल्याने काँक्रीट आले आणि अभियंते आर्तुरो दानुस्सो यांनी सांगाडा नव्याने बसवला. टेकू वरच्या मजल्यांचा भार वाहतात, ते शोभेसाठी नाहीत.

आराखडा 'बीबीपीआर'चा. बान्फी, बेल्जोयोसो, पेरेस्सुत्ती आणि रॉजर्स या चार वास्तुविशारदांची ही आद्याक्षरे. बान्फी आणि बेल्जोयोसो यांना नाझींनी छळछावणीत नेले. बान्फी एप्रिल १९४५ मध्ये गुझेनच्या छावणीत मरण पावले. ज्यू असलेल्या रॉजर्सना स्वित्झर्लंडमध्ये आसरा घ्यावा लागला. उरलेल्या तिघांनी नावातला पहिला 'बी' तसाच ठेवला. शहराची स्मृती जपण्याचा रॉजर्स यांचा आग्रह समजून घेताना मला हे सारे महत्त्वाचे वाटते. 'कासाबेल्ला' मासिकाचे संपादक म्हणून ते सातत्याने मांडत होते, की नव्या इमारतीने भोवतालच्या वास्तूंशी नाते जोडले पाहिजे.

इमारत १९५८ मध्ये पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील ओटर्लो येथे आधुनिक वास्तुविशारदांच्या परिषदेत रॉजर्स यांनी ती मांडली, तेव्हा पीटर स्मिथसन आणि याकोब बाकेमा हे वास्तुविशारद तिच्यावर तुटून पडले. त्यांच्या लेखी भूतकाळाची अशी आठवण म्हणजे आधुनिकतेशी प्रतारणा होती. त्याच सुमारास मिलानमध्येच वास्तुविशारद जिओ पोंती यांची पिरेली इमारत उभी राहत होती : १२७ मीटर उंच, काचेची, सडसडीत. टीकाकारांना हवा होता तो तसा चेहरा. २०११ मध्ये इटलीने तोर्रे व्हेलास्काला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.