टेस्ला (माणूस आणि त्याच्या नावाच्या गोष्टी)

टेस्ला म्हटलं की आता आधी गाडी आठवते, पण मुळात हे एका माणसाचं आडनाव आहे. निकोला टेस्ला, जन्म 10 जुलै 1856, गाव स्मिलियान, आज ते क्रोएशियात आहे, घराणं सर्बियन, वडील धर्मगुरू. 1884 ला न्यूयॉर्कला आला, थोडे महिने एडिसनच्या कंपनीत होता, मग वेगळा झाला. जगभरात मिळून 300 च्या आसपास पेटंट. टेस्ला कॉइल (खूप जास्त व्होल्टेज तयार करून ठिणग्या पाडणारं यंत्र) त्याचीच, 1898 मधे रेडिओने चालवलेली छोटी बोटही त्याचीच, पण सगळ्यात मोठं काम म्हणजे एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेवर चालणारी इंडक्शन मोटर, 1888 चं पेटंट, वेस्टिंगहाऊस या अमेरिकन वीज कंपनीने घेतलं.

आपल्याकडे विहिरीवर बसवलेली मोटर हीच. खोलून बघा, बाहेरच्या भागात तांब्याचं वाइंडिंग आणि आत नुसता रोटर (फिरणारा भाग), त्याला ना वायर ना कार्बन ब्रश. वाइंडिंगमधला करंट पाठोपाठ चढतो-उतरतो त्यामुळे चुंबकीय क्षेत्रच गोल फिरतं आणि रोटरला आपल्या मागोमाग ओढून नेतं. म्हणून तर तीन फेजपैकी एक गेला की मोटर चालू करताना नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि लगेच बंद केली नाही तर वाइंडिंग जळतं. टेस्लाची सुरुवातीची मोटर टू फेज होती, थ्री फेजचं श्रेय जास्त करून मिखाईल डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की या इंजिनिअरला द्यायला हवं.

आता नावं. मला विचाराल तर सगळ्यात मोठा मान एककाचा, 1960 पासून चुंबकीय क्षेत्र टेस्लामधे मोजतात. एमआरआय सेंटरच्या बोर्डवर 1.5 टेस्ला, 3 टेस्ला लिहिलेलं असतं ते हेच, गाडीच्या कंपनीशी काही संबंध नाही. पृथ्वीचं क्षेत्र साधारण 50 मायक्रोटेस्ला, म्हणजे 1.5 वालं मशीन त्याच्या 30 हजार पट, त्यामुळे किल्ल्या, चेन बाहेर काढून ठेवायलाच लागतात, आणि स्कॅन चालू नसलं तरी ते चुंबक चालूच असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

कार कंपनी 2003 ची, एबरहार्ड आणि टार्पेनिंग यांनी काढलेली, इलॉन मस्क 2004 ला आले. पहिल्या रोडस्टरमधे एसी इंडक्शन मोटरच होती, तेव्हा नाव उगाच नाही घेतलेलं. 2025 मधे मुंबईत बीकेसीला (बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स) शोरूम उघडलं. त्याच्या कितीतरी आधी, 1946 पासून, चेकोस्लोव्हाकियात टेस्ला नावाची सरकारी कंपनी होती, रेडिओ आणि त्यात लागणारे काचेच्या नळीचे व्हॉल्व बनवायची.

बेलग्रेडच्या विमानतळालाही त्याचं नाव आहे. 7 जानेवारी 1943 ला तो न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीत एकटाच असताना वारला, अस्थी मात्र बेलग्रेडच्या म्युझियममधे सोनेरी गोलात ठेवल्या आहेत.