ओल आणि पोपडे: मधमाशीच्या पोटातल्या विषाचा हिशेब

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला, तेव्हा माळीकाकांनी कुंड्यांत ‘इमिडा’ हे कीटकनाशक ओतलं. वर अकराव्या मजल्याच्या छज्जाला आग्यामोहोळ. माशांना काही होणार नाही ना, विचारलं तर म्हणाले, “फवारलंय कुठं? ओतलंय नुसतं.”

गोम तिथेच आहे. इमिडा म्हणजे इमिडाक्लोप्रिड, आणि ते आंतरप्रवाही आहे. मुळांतून चढून ते मकरंदापर्यंत जातं. माशीच्या अंगावर न पडता ते तिच्या जेवणात येतं.

जेवणातलं विष किती घातक, हे प्रयोगशाळेत दोन तऱ्हांनी तपासतात. एकीत उपाशी माशांना एकदाच विष कालवलेलं साखरपाणी देतात आणि 48 तास मेलेल्या माशा मोजतात. इमिडाक्लोप्रिडचे साधारण 4 नॅनोग्रॅम निम्म्या माशा मारायला पुरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. दुसरीत तेच पाणी सलग 10 दिवस. अडचण अशी, की फुलांवरची माशी यांपैकी काहीच करत नाही. आज थोडं खाते, उद्या दुसऱ्याच झाडावर जाते.

या दोन चाचण्या एका धाग्यात ओवायला गणिती मॉडेल लागतं. 2022 साली मांडलेलं ‘बीगट्स’ हे त्यातलंच. समजायला ठाण्याच्या पावसाळ्यातली भिंत बरी. पाणी झिरपतं, ओल साठते, उघडीप मिळाली की थोडी वाळते. एका मर्यादेपलीकडे ओल गेली की पोपडे सुटायला लागतात, कधीकधी पाऊस थांबल्यावर, दिवाळीत. विषामुळे माशीच्या शरीरात होणारी हानी म्हणजे ही ओल. ती किती लवकर भरते नि ओसरते, मर्यादा कुठे आहे आणि ती ओलांडल्यावर मरण्याची शक्यता किती झपाट्याने वाढते, हे तीन आकडे चाचण्यांवरून काढतात. चौथा आकडा विषाविना मरणाऱ्या माशांचा. जुनं प्लॅस्टर कोरड्या भिंतीवरूनही पडतंच.

एकदाच पाजलेलं विषही एकदम भिनत नाही. ते आधी मधपिशवीत जातं, तिथून हळूहळू पुढे सरकतं. मॉडेल हा उतारही धरतं. मला यातला सगळ्यात गमतीचा वाटणारा प्रश्न मात्र वेगळा आहे. दहांतल्या पाचच माशा का मरतात? एक गृहीतक म्हणतं, साऱ्या सारख्याच, मरण नशिबाचा भाग. दुसरं म्हणतं, प्रत्येकीची सोसण्याची ताकद वेगळी, म्हणजे मर्यादाच वेगवेगळ्या. दोन्ही लावून पाहतात.

एवढं करूनही मॉडेल मोजतं ते जगणं-मरणंच. 2012 साली फ्रान्समध्ये पाठीवर चिप लावलेल्या माशांना थायामेथोक्झाम या दुसऱ्या कीटकनाशकाची, लगेच मारणार नाही इतकीच मात्रा दिली, तेव्हा बऱ्याचजणी पोळ्याकडे परतल्याच नाहीत. वाट चुकलेली माशी प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात जिवंत म्हणून मोजली गेली असती. शिवाय हे आकडे एपिस मेलिफेरा या पेटीत पाळायच्या माशीचे. आमच्या छज्जावरची आग्या तिच्याहून मोठी, सातेरी ही आपली देशी माशी लहान.

माळीकाकांना यातलं काही सांगितलं नाही. पुढच्या वेळी साबणाचं पाणी चालेल का, एवढंच विचारलं. “चालेल की,” म्हणाले, “पण दर आठवड्याला मारावं लागेल.”