पंपावरचं ९५ आणि दुकानातली बाटली

"मामा, गाडी खडखड करायली. बूस्टर टाकू का ९५चं पेट्रोल?"

कन्नडच्या घाटातून भाच्याचा फोन. मे महिन्याची दुपार, गाडीत पाच माणसं, टपावर सामान. म्हटलं, आधी गिअर खाली घे. गिअर बदलताच आवाज बसला. त्याचा प्रश्न मात्र राहिला, कारण पंपावरचं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल आणि दुकानात बाटलीत मिळणारा ऑक्टेन बूस्टर, आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकच समजतात आणि दोन्हींना ताकदीचं औषध मानतात.

ऑक्टेनचा आकडा ताकदीचा नाहीच. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं की तापतं. प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्वाला पुढे सरकत असते. ती पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकलं की पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा ठोका पडतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. असं अवेळी न भडकता पेट्रोल किती दम धरतं, ते ऑक्टेन सांगतं. मोजपट्टीच्या एका टोकाला आयसोऑक्टेन हा दम धरणारा द्रव, त्याला १००. दुसऱ्या टोकाला एन-हेप्टेन हा पटकन भडकणारा द्रव, त्याला शून्य. ९१ म्हणजे या दोघांच्या ९१ आणि ९ टक्के मिश्रणाइतका दम. (अमेरिकेतल्या पंपावर ८७ लिहिलेलं दिसतं म्हणून तिथलं पेट्रोल हलकं ठरत नाही. तिथे दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आपल्याकडे एकाच चाचणीचा आकडा.)

ताकद आणि ऑक्टेन वेगळे, याचा पुरावा लातूर-धाराशिवच्या शिवारात उभा आहे. उसापासून निघणाऱ्या इथेनॉलचं ऑक्टेन शंभराच्या वर, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच. म्हणून तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ॲव्हरेज थोडं पडतं आणि ऑक्टेन मात्र चढतं. बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांत साध्या पेट्रोलला किमान ९१ची अट होती. २० टक्के मिश्रणासोबत हा आकडा ९५वर नेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं आहे. म्हणजे ज्या आकड्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजायला निघतात, तो बहुतेक ठिकाणी साध्या नळीतूनच येतो.

आता बाटली. पंपावरचं पेट्रोल रिफायनरीत ठरल्या प्रमाणाला बांधून येतं, त्याची चाचणी होते. बूस्टर म्हणजे त्यात आपण वरून घातलेली फोडणी. काहींत टोल्युइनसारखे द्रव असतात, काहींत मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं. कल्पना जुनी आहे: १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून ठोका थांबवला, आणि ते विष आपल्या पंपांवरून हटायला २००० साल उजाडलं. आजच्या बाटलीत शिसं नसतं, पण धातूचं संयुग असेल तर जळल्यावर त्याची राख प्लगवर, ऑक्सिजन सेन्सरवर आणि धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये बसते.

खरी मेख लेबलवर असते. 'ऑक्टेन ५ पॉइंट वाढवते' वाचून माणूस ९१चं ९६ करून टाकतो. पण कित्येक बाटल्यांवरचा एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग. पाच पॉइंट म्हणजे अर्धा. ९१चं झालं साडेएक्क्याण्णव, तेही टाकी आणि मात्रा जुळली तर.

मग जास्त ऑक्टेन लागतं कुणाला? ज्यांच्या इंजिनात दाब जास्त आहे आणि ज्यांच्या पुस्तिकेत तसं लिहिलंय त्यांना. काही टर्बो पेट्रोल गाड्या त्यात येतात. अशा गाडीचा नॉक सेन्सर ठोका ऐकून ठिणगी उशिरा पाडतो, त्यात थोडी ताकद जाते. योग्य पेट्रोल मिळालं की तेवढीच परत मिळते. ज्या इंजिनाने मागितलंच नाही, त्याला १००चं पाजूनही ते तसंच पळतं. डिझेलच्या जीपवाल्यांनी तर दुकानातल्या बूस्टरच्या कपाटाकडे बघूच नये; तिथे पाहतात ते सिटेन, आणि त्याचं सगळं उलट, इंधन लवकर पेटलेलं हवं.

खडखडाट होतो त्याची कारणंही बहुतेकदा टाकीबाहेरची असतात. वरच्या गिअरमध्ये रेटणं, बेचाळीस अंशांचं ऊन, अर्धवट भरलेला रेडिएटर, पिस्टनवर साचलेला कार्बन. कार्बनच असेल तर त्याच कपाटात शेजारी ठेवलेली इंजेक्टर क्लीनरची बाटली निदान थोडीफार कामाची. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी, काम अगदी निराळं.

भाचा परत आल्यावर गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीने प्लग काढून माझ्या हातात दिला. टोकावर विटकरी रंगाचा थर.

"बाटली आधीच टाकली होतीस का रे?"

भाचा रेडिएटरचं झाकण बघत राहिला.