विदर्भाच्या आभाळाखाली तीन मीटरचा दावा

हातात जीपीएस यंत्र घेऊन कुणी धुऱ्याधुऱ्याने फिरताना दिसलं की आपल्याकडे हमखास विचारलं जातं, "काय भाऊ, गुप्तधन शोधून राह्यले का?" हा प्रश्न मी गमतीत घेत नाही. त्यामागे एक पक्का गैरसमज आहे: या यंत्राला जमिनीखालचं दिसतं, उपग्रह वरून बघतो आणि यंत्राला सांगतो.

जीपीएस यंत्र फक्त ऐकतं. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत दोन गोष्टी सांगत असतात: "मी इथे आहे" आणि "आत्ता इतके वाजले". खाली कोण ऐकतंय हे त्यांना ठाऊकही नसतं. त्या माहितीवरून यंत्र एवढंच काढू शकतं की आपण स्वतः कुठे आहोत आणि किती वाजले. जमिनीच्या पोटातलं दूरच राहिलं, हा संदेश इतका क्षीण असतो की स्लॅबच्या घरातही तो नीट पोहोचत नाही. त्यामुळे "जीपीएसवालं धन शोधायचं मशीन" म्हणून कुणी काही विकत असेल, तर तो सरळ फसवतो आहे. गुप्तधनापायी आपल्या भागात काय काय अघोरी घडलेलं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. गुप्तधनाच्या नावाखाली केलेलं अमानुष कृत्य २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पायाळू माणसाच्या डोळ्याला धन दिसत नाही आणि उपग्रहालाही दिसत नाही.

डबा शोधायचा एक खेळ मात्र खरोखर आहे. त्याचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एक डबा कुठेतरी ठेवतो, त्यात एक वही आणि किरकोळ वस्तू असतात. त्या जागेचे अक्षांश-रेखांश तो जाहीर करतो आणि बाकीच्यांनी यंत्राच्या मदतीने तिथे पोहोचून वहीत नाव लिहायचं. डबा पुरायचा नाही, हा खेळाचा पक्का नियम आहे. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी सरकार नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. ही भेसळ बंद झाली आणि लगेच, ३ मे २००० रोजी, डेव्ह अल्मर या गृहस्थाने ओरेगन राज्यात पहिला डबा ठेवून त्याची जागा जाहीर केली. शाळेच्या मुलांना भूगोल शिकवायला यापेक्षा चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही. नकाशा, कोन, अंतर, दिशा, झाडं, माती, सगळं पायाखालून जातं.

मग प्रश्न येतो, यंत्र कोणतं घ्यायचं? दुकानदार सांगतो, "तीन मीटर अचूक आहे, डोळे मिटून घ्या." तीन मीटरचा हा आकडा खोटा नाही, पण तो चांगल्या परिस्थितीतला आहे. आणि आपल्या विदर्भाचं आभाळ या बाबतीत जगातल्या अवघड आभाळांपैकी एक आहे. ढगांचा इथे काही संबंध नाही, ढगातून हा संदेश आरामात येतो. अडचण त्याच्याही कितीतरी वर आहे, आणि मला तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

जीपीएसचं सगळं गणित वेळेचं आहे. उपग्रहाचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, त्याला साधारण ०.०७ सेकंद लागतं. एका सेकंदाच्या एक अब्जांश भागात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे वेळ मोजताना अशा दहा अब्जांशांची गफलत झाली की अंतर ३ मीटरने चुकलं. आता वाटेत काय आहे बघा. सुमारे ८० किलोमीटरपासून हजारेक किलोमीटर उंचीपर्यंत हवा अतिशय विरळ असते आणि सूर्याचे अतिनील किरण तिच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. या थराला आयनांबर म्हणतात. सुट्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून जाताना संदेशाला उशीर होतो. एक चौरस मीटर तळाचा उभा स्तंभ कल्पनेत धरा. त्यात जर १०चा १६वा घात इतके इलेक्ट्रॉन असतील, तर अंतर १६ सेंटिमीटरने जास्त भासतं. शास्त्रज्ञ याला एक एकक मानतात. सूर्य जास्त सक्रिय असलेल्या वर्षांत भारतावर दुपारी अशी शंभर एककंही भरतात. म्हणजे १६ मीटर, तेही उपग्रह बरोबर डोक्यावर असेल तर. क्षितिजाजवळचा असेल तर तिरप्या वाटेमुळे ही चूक जवळजवळ तिप्पट होते.

हे इलेक्ट्रॉन भारतावरच इतके का जमतात? याचं उत्तर फार सुंदर आहे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. केरळातल्या थुंबाला रॉकेट केंद्र उभं राहिलं ते याच कारणाने, आणि तिथून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ला उडालं. त्या रेषेवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर, उत्तरेकडे असतं. दिवसा तिथल्या उंच हवेत वाऱ्यांमुळे पूर्वेकडे विद्युत क्षेत्र तयार होतं. ही दोन क्षेत्रं एकमेकांना काटकोनात असली की विद्युतभारित कण दोन्हींना काटकोन करून सरकतात, म्हणजे थेट वर. धन असो वा ऋण, दोघांची दिशा एकच. असं करत हा विद्युतभारित वायू शेकडो किलोमीटर वर चढतो. वर गेल्यावर गुरुत्वाकर्षण आणि दाबातला फरक त्याला खाली ओढतात, पण चुंबकीय रेषा आडव्या ओलांडणं त्याला जमत नाही. मग तो त्या रेषांवरूनच उत्तरेला आणि दक्षिणेला घसरत उतरतो. कारंज्याचं पाणी मधून वर जाऊन दोन्ही बाजूंना पडावं तसं. शास्त्रातही याला कारंजंच म्हणतात. गंमत अशी की इलेक्ट्रॉन सर्वात दाट कुठे असतात? ते तयार होतात त्या विषुववृत्तावर नाही, तर कारंजं जिथे पडतं तिथे, चुंबकीय विषुववृत्तापासून साधारण १५ अंशांवर. आपल्याकडे तो पट्टा सर्वसाधारणपणे अहमदाबाद-भोपाळच्या आसपास येतो. काही दिवशी तो दक्षिणेला सरकतो, काही दिवशी उत्तरेला.

विदर्भ इलेक्ट्रॉनांच्या या ढिगाच्या दक्षिण उतारावर आहे. आणि उतार हीच खरी डोकेदुखी. यंत्र जागा काढताना चार अज्ञात राशी सोडवतं: तीन जागेच्या आणि चौथी स्वतःच्या घड्याळाच्या चुकीची. सगळ्या उपग्रहांचे संदेश सारखेच उशिरा आले, तर तो उशीर बहुतेक घड्याळाच्या आणि उंचीच्या खात्यात जातो. उंची चुकते, पण नकाशावरची जागा फारशी हलत नाही. यवतमाळला किंवा अमरावतीला उभं राहिलं की उत्तरेकडच्या उपग्रहाचा संदेश दाट ढिगातून येतो, दक्षिणेकडचा त्यामानाने विरळ भागातून. उशीर सारखा राहत नाही. हा फरक कुठल्याच खात्यात मावत नाही आणि जागा उत्तर-दक्षिण सरकते. उपग्रह स्वतः दुरुस्तीसाठी आठ आकडे पाठवतात, त्यावरून यंत्र आयनांबराचा अंदाज बांधतं. पण हा अंदाज सगळ्या पृथ्वीसाठीचा, सरासरी चूक साधारण निम्म्याने कमी करण्यापुरता. आपल्या उताराची त्याला कल्पना नाही.

यावर खरा उपाय दोन लहरींचा. आयनांबरातला उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जीपीएसची जुनी नागरी लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झची, नवी एल-५ नावाची ११७६.४५ मेगाहर्ट्झची. या दोन आकड्यांच्या भागाकाराचा वर्ग करा, सुमारे १.७९ येतो. म्हणजे नव्या लहरीला जुनीच्या १.७९ पट उशीर होतो. दोन्ही एकाच वेळी निघाल्या आणि एक मागे पडली, तर किती मागे पडली यावरूनच मूळ उशीर कळतो. कुठलाही अंदाज नको, हवामान खात्याची माहिती नको. मला हे विज्ञानातल्या सर्वात देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतं: जी गोष्ट संदेश बिघडवते, तीच स्वतःचं माप देऊन जाते.

म्हणून यंत्र घेताना पहिला प्रश्न हा विचारा, ते दोन वारंवारतांवर चालतं का? खोक्यावर 'मल्टी-बँड' किंवा 'एल-१ + एल-५' लिहिलेलं असतं. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स मालिकेतल्या जुन्या यंत्रांत ही सोय नाही, नव्या काही यंत्रांत आहे. जीपीएसखेरीज इतर देशांच्या उपग्रह-मालिका ऐकणं ही वेगळी सोय, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ वगैरे. ती चांगलीच, पण एकाच वारंवारतेवर चाळीस उपग्रह ऐकले तरी सगळे त्याच ढिगातून येतात. दुसरी विचारायची गोष्ट म्हणजे 'गगन'. ही भारतीय यंत्रणा देशभरातल्या १५ संदर्भ केंद्रांवरून आयनांबराचं मोजमाप करते आणि भूस्थिर, म्हणजे आभाळात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांवरून दुरुस्ती पाठवते. त्यातलं एक केंद्र आपल्या नागपुरातच आहे. यंत्रात ती बहुधा 'वास' (WAAS) किंवा 'एसबीएएस' (SBAS) या नावाखाली असते आणि पुष्कळदा बंद करून ठेवलेली असते. चालू करा, आणि वाचन (म्हणजे जागेचे आकडे) घेताना दक्षिणेकडचं आभाळ मोकळं ठेवा, कारण भूस्थिर उपग्रह आपल्याला दक्षिणेलाच दिसतात.

बाकीची निवड सोपी आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या वर जातो, आणि बऱ्याच मोबाइलच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ३५ अंश दिलेली असते. उन्हात फोन मंद होतो, पडदा दिसत नाही, शेवटी बंद पडतो. हातातल्या जीपीएस यंत्राचा पडदा उलट उन्हातच जास्त स्पष्ट दिसतो आणि काही यंत्रं दोन पेन्सिल सेलवर दिवसभर सहज चालतात. आडगावी सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. चुंबकीय होकायंत्र असलेलं घ्या. ते नसेल तर यंत्राला दिशा फक्त चालताना कळते आणि डब्याजवळ थांबलात की बाण भरकटतो. लोणारला जीपीएस चालत नाही, असं काही लोक छातीठोक सांगतात. तिथल्या बेसॉल्ट खडकातल्या चुंबकत्वाने होकायंत्राची सुई थोडी हलू शकते, पण जीपीएसच्या रेडिओलहरींवर त्याचा काही परिणाम होत नाही. आणि एक सावधगिरी: 'इनरीच'सारखी उपग्रहाला उलट संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. परदेशातून कुणी भेट आणत असेल तर आधी मॉडेल तपासा. गार्मिनच्या काही मॉडेलांच्या आकड्यामागे 'आय' हे अक्षर असतं, ती याच प्रकारची. नुसती मजा बघायची असेल तर आधी मोबाइलवर सुरू करा. अलीकडच्या बऱ्याच फोनांत दोन वारंवारतांची सोय आहे.

डबा ठेवताना वाचन सकाळी घ्या. उन्हं वर चढत गेली की कारंजं जोर धरतं आणि दुपारी दोनच्या सुमारास इलेक्ट्रॉन सर्वात दाट होतात. सूर्य मावळल्यावर सगळं शांत होईल असं वाटतं, पण मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नेमकं तेव्हाच त्या थरात कमी इलेक्ट्रॉनांचे बुडबुडे उठतात आणि संदेश लुकलुकायला लागतो. अशा संध्याकाळी एखाद-दुसरा उपग्रह यंत्राच्या हातून निसटला तर यंत्राला बोल लावू नका.

एका जागी दोन मिनिटं उभं राहून शंभर वाचनांची सरासरी काढणं हा वेळेचा अपव्यय आहे. त्या दोन मिनिटांत आयनांबर बदलत नाही, उपग्रह फारसे हलत नाहीत, जवळच्या विहिरीच्या कठड्यावरून परावर्तित होणारा संदेशही तोच राहतो. शंभर वेळा एकच चूक मोजली जाते. गार्मिनच्या पुस्तिकेत चार ते आठ नमुने, दर दोन नमुन्यांत किमान ९० मिनिटांचं अंतर, असं सांगितलेलं आहे. सागाच्या जंगलात हे काम उन्हाळ्यात करा, तेव्हा झाडं उघडी असतात. पावसाळ्यात सागाची रुंद ओली पानं संदेश शोषून घेतात. व्याघ्र प्रकल्पाच्या आणि अभयारण्याच्या हद्दीत मात्र डबा ठेवायचाच नाही, आणि शेतात ठेवायचा तर शेतकऱ्याला विचारूनच.

यंत्राच्या मेन्यूत 'मॅप डेटम' असतं, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या मापावरून मोजायचे ते; ते जीपीएसच्याच डब्ल्यूजीएस-८४ या मापावर ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट या सर्वेक्षकाच्या पृथ्वीमापनावर बेतलेले आहेत. त्या मोजणीची सुरुवात करणारे विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटलाच वारले. त्यांचं काम अफाट होतं, पण त्यावर आधारलेले अक्षांश-रेखांश तसेच यंत्रात घातले तर विदर्भात जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. दुसरा घोळ आकडे लिहिण्याचा. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं लिहितात, मोबाइल बहुधा दशांश अंश दाखवतो. वर्ध्याजवळचा २०.७५१२ अंश म्हणजे २० अंश ४५.०७२ मिनिटं. हेच कुणी २०.४५०७२ असं टिपलं तर शोधणारा सुमारे ३३ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पोहोचेल. मिनिटाचा तिसरा दशांश उत्तर-दक्षिण १.८५ मीटरचा असतो, त्यापुढचे आकडे लिहून काही साधत नाही.

जागा जाहीर करण्याआधी तेच आकडे दुसऱ्या कुणाला द्या. त्याने दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी, स्वतःच्या यंत्राने तिथे पोहोचावं, यंत्राने "पोहोचलात" म्हटलं की जमिनीवर खूण करावी. त्या खुणेपासून डब्यापर्यंत टेप लावा. जे अंतर येईल ते डब्याच्या माहितीत लिहून टाका.